खेळाडू आणि मोजणीदार

मुंबईतील गोऱ्या साहेबलोकांनी 1842 मध्ये गोल्फचा क्लब स्थापन केला, म्हणजे चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड नामक गृहस्थाने शिकागोस आपला क्लब काढला त्याच्या अर्धशतक आधी. तथापि त्या काळात आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे आपल्याकडील सुशिक्षित वर्गाचा या खेळाशी आलेला संबंध तो कुंपणाबाहेरून पाहण्यापलीकडे फारसा गेला नाही. त्यामुळे आमच्या छोट्याशा मित्रमंडळात गोल्फच्या मैदानाची आखणी या विषयावरून वाद माजावा, हे बाहेरच्यास विचित्र वाटेल. परंतु आमच्यातील वकीलसाहेब हा खेळ निष्ठेने खेळतात, आणि रावसाहेब, ज्यांची सारी हयात पाटबंधारे खात्यात दुर्बिणीतून जमिनीच्या पातळ्या घेण्यात व कालव्यांची अंदाजपत्रके मंजूर करून घेण्यात गेली, ते तितक्याच निष्ठेने तो न खेळता त्याविषयी ठाम मते बाळगतात. स्वतः निष्णात असलेल्या हौशी खेळाडूने मैदान आखावे की आखू नये, एवढाच काय तो मुद्दा; पण तो मॅक्डॉनल्डच्या चरित्रावरून निघाला, आणि त्या चरित्राची गंमत अशी की दोन्ही पक्षांना आपापला पुरावा त्यातूनच काढून देता येतो. मी श्रोता होतो. मात्र मधून मधून मलाही राहवले नाही.

वकीलसाहेबांनी आपली कैफियत मांडली ती अशी :

"हा मनुष्य 1855 मध्ये कॅनडात नायगाराच्या धबधब्याकाठी जन्मला आणि शिकागोत वाढला. 1872 मध्ये, वय वर्षे सोळा असताना, त्याला शिक्षणासाठी स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूज येथे आजोबांकडे धाडण्यात आले. विद्यापीठात तो काय शिकला हे देव जाणे; पण थोरल्या टॉम मॉरिसच्या दुकानात त्याची ऊठबस सुरू झाली, त्या टॉमचा मुलगा, जो त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, त्याच्या संगतीत तो खेळला, आणि दोन वर्षांनी परतला तो या खेळाने पुरता झपाटून. घरी येऊन पाहतो तो अमेरिकेत गोल्फचे मैदान नावाची वस्तूच नाही! पुढची सतरा-अठरा वर्षे, कामानिमित्त इंग्लंडला जाणे झाले तेवढे प्रसंग वगळता, हातात काठी धरण्याची सोय नव्हती. ज्याने तारुण्यातील इतकी वर्षे एखादे मैदान केवळ स्मरणात खेळून काढली, त्याला त्या मैदानातील प्रत्येक उंचवटा कसा पाठ झाला असेल, याची कल्पना करा. मग 1892 मध्ये शिकागोचा क्लब निघाला, पुढच्याच वर्षी तेथे 18 होलचे मैदान तयार झाले, आणि 1895 मध्ये देशाची पहिली अधिकृत हौशी अजिंक्यपद स्पर्धा न्यूपोर्ट येथे भरली ती यानेच जिंकली; अंतिम सामन्यात चार्ल्स सँड्स याला 12 आणि 11 ने, म्हणजे अकरा होल खेळायचे शिल्लक असतानाच बारा होलच्या आघाडीने, हरवून!"

"1895 चे सांगितलेत," रावसाहेब शांतपणे म्हणाले, "आता 1894 चेही सांगा."

वकीलसाहेबांना हसू आवरले नाही, कारण 1894 चे प्रकरण त्यांच्याच पेशातील मनुष्याला शोभणारे आहे. त्या वर्षी न्यूपोर्टच्या क्लबाने राष्ट्रीय म्हणून जी स्पर्धा भरवली तीत मॅक्डॉनल्ड एका फटक्याने हरला. एका दगडी कुंपणापाशी चेंडू गेल्यामुळे त्याला दोन फटक्यांचा दंड पडला होता. दगडी कुंपण हा गोल्फमधील न्याय्य अडथळाच नव्हे, सबब ही स्पर्धा ग्राह्य नाही, अशी त्याने तक्रार केली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कजवळील सेंट अँड्र्यूज क्लबाने दुसरी स्पर्धा घेतली. तीत तो पुन्हा हरला, आणि या खेपेस त्याने मुद्दा काढला तो अधिकारक्षेत्राचा : कोणत्याही एकट्या क्लबास राष्ट्रीय अजिंक्यवीर ठरवण्याचा अधिकार पोचत नाही. हरलेल्या पक्षकाराने निकाल गुणदोषांवर न लढवता न्यायालयाच्या अधिकारासच आव्हान द्यावे, हा डावपेच जुनाच. पण या डावाचे फळ मोठे विलक्षण निघाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाच क्लबांनी मिळून युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन स्थापन केली, जिच्या हुकमतीखाली अमेरिकेतील गोल्फ आजतागायत चालतो. एका माणसाच्या हट्टी स्वभावातून राष्ट्रीय संस्था उभी राहिल्याचे उदाहरण क्रीडेच्या इतिहासात याहून ठसठशीत मला तरी आठवत नाही.

"तेव्हा," रावसाहेब म्हणाले, "अशा स्वभावाच्या मनुष्याच्या हाती जमीन, पैसा आणि आखणीचा पूर्ण अधिकार दिला तर तो काय करील? व्हीटन पाहा. शिकागो क्लबाने 1894-95 मध्ये व्हीटन येथे नवी जागा घेतली आणि तिची आखणी मॅक्डॉनल्डकडे सोपवली. वकीलसाहेब, याचा चेंडू बहुतेक कोणत्या बाजूस वळत असे?"

"उजवीकडे. स्लाइस म्हणतात त्याला."

"आणि व्हीटनला होल कसे मांडले होते? हद्दीच्या कडेकडेने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. म्हणजे जाताना हद्द सदैव डाव्या हाताला. याचा चेंडू उजवीकडे वळला तरी मैदानातच राहणार, आणि ज्यांचा डावीकडे वळतो ते बिचारे मक्याच्या शेतात आपला चेंडू शोधत बसणार! सरकारी कामात असा प्रकार झाला असता तर चौकशी बसली असती. मोजणीदाराने स्वतःच्या शेताकडे चाऱ्या वळवल्या, तर त्याला तुम्ही कलावंत म्हणाल का? खेळाडू मैदान आखतो तेव्हा तो स्वतःच्या हाताच्या सवयीचे मैदान आखतो, याहून वेगळे होणे मनुष्यस्वभावात नाही. म्हणून माझे म्हणणे, हे काम ज्याला खेळातले काही कळत नाही पण जमीन कळते, त्याच्याकडे द्यावे. धरण बांधणाऱ्याला पोहता यावे लागत नाही."

"धरण माणसे बुडावीत म्हणून कोणी बांधत नाही, रावसाहेब," वकीलसाहेब उत्तरले, "गोल्फचे मैदान मात्र चुकणाऱ्याला चुकीचे प्रायश्चित्त मिळावे म्हणूनच बांधलेले असते. कोणत्या चुकीस किती प्रायश्चित्त योग्य, हे ज्याने स्वतः ते भोगले त्यालाच कळणार."

हे उत्तर मला पटले, तरी त्याने व्हीटनचा आक्षेप दूर होत नव्हता, आणि वकीलसाहेबांनाही ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपला मुख्य साक्षीदार पुढे आणला : लाँग आयलंडवरील नॅशनल गोल्फ लिंक्स.

त्याची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी नाही, म्हणून येथे जरा रेंगाळतो. 1900 च्या सुमारास मॅक्डॉनल्ड न्यूयॉर्कला राहावयास आला. 1901 मध्ये लंडनच्या एका गोल्फविषयक नियतकालिकाने नामवंत खेळाडूंना, ब्रिटनमधील सर्वोत्तम होल कोणते, असा प्रश्न घातला, आणि त्या चर्चेतून मॅक्डॉनल्डच्या डोक्यात असा विचार आला की, एखाद्या जुन्या मैदानावर उत्तम होल चार-पाच आणि बाकीचे सामान्य, अशी स्थिती असते, तर मग अठराच्या अठरा होल उत्तम असलेले मैदान नव्याने का बांधू नये? त्यासाठी तो पुढील पाच-सहा वर्षांत अनेकदा ब्रिटनला गेला, नामांकित होलचे मोजणीनकाशे करवून घेतले, त्यांवरील उतार व खाचखळगे टिपून आणले. मग 70 भागीदारांकडून प्रत्येकी एक हजार डॉलर जमा केले आणि साउदॅम्प्टनजवळ पेकॉनिक उपसागराच्या काठी, काटेरी झुडपे व दलदल माजलेल्या, धड मोजणीही न झालेल्या मुलखात 205 एकर जागा मुक्रर केली. ती निवडण्यासाठी तो आणि त्याचा सहकारी, पुढे जावई झालेला, जिम व्हिगम तट्टांवर बसून त्या झाडोऱ्यातून हिंडले. हा व्हिगमही सामान्य असामी नव्हे. 1896 आणि 1897 या लागोपाठच्या वर्षांचे अमेरिकन हौशी अजिंक्यपद त्याचे होते. मैदानावर खेळ 1910 मध्ये सुरू झाला आणि रीतसर उद्घाटन 1911 मध्ये झाले.

"त्याचा चौथा होल घ्या," वकीलसाहेब म्हणाले. "रेडान. मूळ नॉर्थ बेरिकचा. क्रिमियाच्या युद्धात सेबास्टोपोलच्या तटबंदीतील ज्या बुरुजाशी इंग्रज सैन्याची गाठ पडली त्याचे नाव या होलला मिळाले आहे, आणि ते सार्थ आहे. ग्रीन, म्हणजे निशाणाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, समोर सरळ पसरलेले नाही. ते उजव्या हाताच्या जवळच्या टोकापासून डाव्या हाताच्या दूरच्या टोकाकडे तिरके जाते, आणि त्याचा उतारही खेळणाऱ्यापासून दूर, त्याच दिशेने. डाव्या अंगाला पुढे खोल बंकर, म्हणजे रेतीचा खड्डा. ज्याच्या अंगी धाडस असेल त्याने चेंडू बंकरावरून उडवावा, पण मग उतारावर तो थांबवणे कठीण. ज्याला शहाणपण असेल त्याने उजव्या खांद्यावर टाकावा आणि जमिनीने तो आपोआप घरंगळत निशाणापाशी न्यावा. आणि ज्याला यांपैकी काहीच जमत नाही त्याने उजवीकडे आखूड मारून मुकाट्याने एक फटका जास्त घ्यावा. एकाच भूमीवर तिघांना तीन वाटा! नकाशावर तुम्हाला काय दिसेल? एक तिरके ग्रीन आणि एक अंडाकृती बंकर. टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, उभे राहिल्यावर पोटात जे कालवते ते कोणत्याही समोच्च रेषेत उतरत नाही."

"उतरते," रावसाहेब म्हणाले, "आणि उतरवलेही गेले. सेथ रेनर!"

हे नाव निघणार हे मला ठाऊकच होते, कारण रावसाहेबांचे या साऱ्या इतिहासातील एकमेव दैवत तेच. रेनर हा साउदॅम्प्टनचाच, प्रिन्स्टनला स्थापत्यशास्त्र शिकलेला मोजणीदार. मॅक्डॉनल्डने त्याला नॅशनलच्या जागेची मोजणी करण्यास बोलावले तेव्हा गोल्फचा चेंडू कोणता आणि टेनिसचा कोणता एवढीही त्याला धड ओळख नव्हती, असे खुद्द मॅक्डॉनल्डनेच पुढे लिहून ठेवले आहे. मोजणी झाली, मग आणलेल्या नकाशांवरून होल जमिनीत उतरवण्याचे कामही त्याच्याकडे आले, आणि पुढे मॅक्डॉनल्डच्या नावावर जी जी मैदाने झाली त्यांच्या मागे रेनरची दुर्बीण उभी होती. त्यानंतर त्याने स्वतंत्रपणे फिशर्स आयलंड, शोरेकर्स, कमार्गो, येमन्स हॉल अशी एकाहून एक नामांकित मैदाने बांधली, आणि 1926 मध्ये, पुरती बावन्न वर्षेही झाली नव्हती तोच, तो वारला. खेळाडू म्हणून त्याची कधीच गणना झाली नाही.

"लायडोचे काम पाहा," रावसाहेबांचा आवाज चढला. "लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील खारट दलदल. समुद्राच्या तळातील रेती पंपाने उपसून सुमारे वीस लाख घनयार्डांचा भराव घातला, आणि सपाट चिखलातून टेकड्या, दऱ्या, तळे असे सगळे निर्माण केले. 1914 ते 1917, म्हणजे महायुद्धाच्या काळात! हे काठी फिरवणाऱ्याचे काम नव्हे. निचरा कोठून काढायचा, भराव किती बसेल, वाऱ्याने रेती उडू नये म्हणून काय करायचे, हे ज्याला कळते त्याचे ते काम. आणि वकीलसाहेब, तुमच्या मॅक्डॉनल्डने आदर्श मैदानाला शंभरापैकी गुण देण्याचे जे कोष्टक केले होते, त्यात सर्वांत मोठा वाटा कोणाला? पंचेचाळीस गुण एकट्या भूमीला, तिच्या मातीला आणि उंचसखलपणाला! लांबीला तेरा, बंकरांना तेरा. खेळाडूने स्वतःच लिहून दिलेला हा कबुलीजबाब आहे."

वकीलसाहेब क्षणभर थांबले. "कोष्टक कोणी केले?" त्यांनी विचारले. "रेनरने केले नाही. सेंट अँड्र्यूजचा अकरावा होल आणावा, प्रेस्टविकचा आल्प्स आणावा, सँडविचचा सहारा आणावा, पण त्याच मैदानांवरील शेजारचे होल आणू नयेत, हा निवाडा कोणी केला? रेनरला नमुना दिल्यावर त्याने त्याच्या शंभर नकला उत्कृष्ट केल्या असतील, नव्हे केल्याच. पण अस्सल दस्तऐवज कोणता आणि बनावट कोणता, हे ओळखणे नक्कलनविसाचे काम नसते. आता तुमच्या व्हीटनकडे येतो. तेथे त्याने स्वतःच्या वळणाला सोयीचे मैदान आखले, मान्य. पण नॅशनलचा रेडान पाहा. त्याचा उतार उजवीकडून डावीकडे. त्यावर कोणता चेंडू चालतो? उजवीकडून डावीकडे वळणारा. ज्याचा चेंडू जन्मभर उजवीकडे पळत आला, त्या मनुष्याने आपल्या हयातीच्या मुख्य कृतीत, चौथ्याच होलला, आपल्याच फटक्याला प्रतिकूल असा उतार बांधावा, याला तुम्ही काय म्हणाल?"

"जमिनीने बांधायला लावला म्हणेन," रावसाहेब म्हणाले. "तट्टावरून हिंडताना ती टेकडी सापडली आणि ती तशी होती."

"होती; पण ती ओळखली कोणी? शेकडो लोक त्या झुडपांतून गेले असतील. ती टेकडी म्हणजे नॉर्थ बेरिकचा पंधरावा होल आहे, हे दिसण्यासाठी नॉर्थ बेरिकला तो होल आधी खेळून यावे लागते."

येथे मी तोंड घातले. मला असे वाटत आले आहे की, खेळाडू या शब्दात आपण दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र बांधतो : जिंकण्याचे कौशल्य आणि हरण्याची स्मृती. मैदान आखण्याच्या कामी पहिलीचा उपयोग मर्यादित, किंबहुना रावसाहेब म्हणतात तसा घातकही; दुसरीवाचून मात्र चालत नाही. व्हीटन आखणारा मॅक्डॉनल्ड 1894 चा पराभव अजून पचवू न शकलेला, पुढच्या वर्षी जिंकायचेच असा हिय्या केलेला गृहस्थ होता. नॅशनल आखणाऱ्याने पन्नाशी ओलांडली होती, अजिंक्यपद पुन्हा मिळण्याची आशा संपली होती, आणि सोळाव्या वर्षी ज्या भूमीने त्याला वारंवार पराभूत केले ती भूमी अमेरिकेत आणावी एवढीच वासना उरली होती. ज्या होलांवर आपण सहज जिंकलो ते होल कोणी वर्षानुवर्षे आठवत बसत नाही.

"म्हणजे तुमचा निकाल वकीलसाहेबांच्या बाजूने," रावसाहेब म्हणाले.

तसे नव्हते, आणि तसे नाही हे दाखवण्यास वॉल्टर ट्रॅव्हिसचे उदाहरण मजपाशी तयार होते. ट्रॅव्हिस मूळचा ऑस्ट्रेलियाचा, व्हिक्टोरिया प्रांतातील मॉल्डनचा. गोल्फची काठी त्याने प्रथम हातात धरली ती पस्तिशीच्या उंबरठ्यावर, 1896 मध्ये. आणि तरी 1900, 1901 व 1903 अशी तीन वर्षे अमेरिकन हौशी अजिंक्यपद त्याने मिळवले, आणि 1904 मध्ये सँडविच येथे ब्रिटिश हौशी अजिंक्यपदही जिंकले, जे तोवर कोणाही परदेशीयास साधले नव्हते. अंगात बळ बेताचे, फटका आखूड, पण नेम असा की प्रतिस्पर्ध्याने हात टेकावेत. तोही मैदाने आखीत असे. नॅशनलच्या प्रारंभीच्या सल्लागारांत मॅक्डॉनल्डने त्याला घेतले होते आणि लवकरच वगळलेही. या ट्रॅव्हिसने आपल्या गार्डन सिटी क्लबाच्या मैदानावर बंकर खोल करून घेतले, लांब पण भलतीकडे मारणाऱ्यांना शासन व्हावे म्हणून. 1908 ची राष्ट्रीय हौशी स्पर्धा तेथेच भरली. उपान्त्य सामन्यात तरुण जेरी ट्रॅव्हर्सशी अटीतटीची झुंज शेवटच्या, अठराव्या होलपर्यंत आली, आणि तेथे ट्रॅव्हिसचा चेंडू जाऊन पडला तो त्याने स्वतःच निर्माण केलेल्या खोल बंकरात. सामना गेला.

"शाबास!" वकीलसाहेब म्हणाले. "निःपक्षपातीपणाचा याहून सबळ पुरावा कोणता?"

"पुरावा निःपक्षपातीपणाचा नाही, बेहिशेबीपणाचा आहे," रावसाहेब म्हणाले. "जो बंकर नेमबाजीत सर्वश्रेष्ठ अशा खेळाडूलाही चुकवता आला नाही, त्यात सामान्य सभासदाचे काय होत असेल? उत्तम खेळाडूला दुर्बळ खेळाडू दिसतच नाही. त्याची सगळी नजर आपल्या बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यावर खिळलेली असते."

हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो आणि त्याचे समर्पक उत्तर वकीलसाहेबांकडून आले नाही. यॉर्कशरचा डॉक्टर अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी, जो या विद्येतील महापंडितांपैकी एक गणला जातो आणि ज्याचा खेळ आयुष्याचा बराच काळ मध्यम प्रतीचाच होता, त्याने आखणीत जी माया आणि जो मोकळेपणा आणला तो बहुधा त्या मध्यमपणातूनच आला असावा. गंमत अशी की त्याला प्रथम प्रसिद्धी मिळवून दिली ती मॅक्डॉनल्डनेच : 1914 मध्ये विलायतेतील 'कंट्री लाइफ' या साप्ताहिकाने होलच्या उत्कृष्ट आराखड्यासाठी स्पर्धा लावली, तीत मॅकेन्झीचा आराखडा पहिला आला, आणि तो मॅक्डॉनल्डच्या लायडोचा अठरावा होल म्हणून बांधला गेला.

वाद मग पैशाकडे वळला, आणि येथे रावसाहेबांचा सरकारी पिंड पूर्ण उसळून आला. मॅक्डॉनल्डने मैदाने आखण्याबद्दल कधी मेहनताना घेतला नाही. तो शेअरबाजारातला दलाल होता, पोट भरण्याची विवंचना नव्हती, आणि आपण हौशी आहोत याचा त्याला अभिमान होता. हे हौशीपण अमेरिकेत त्या काळी केवळ बिरुद नव्हते, तो एक दर्जा होता आणि तो जाऊ शकत असे. 1913 ची खुली स्पर्धा जिंकून साऱ्या देशाचा लाडका झालेला फ्रान्सिस विमेट याने बोस्टनमध्ये खेळाच्या सामानाचे दुकान घातले म्हणून 1916 मध्ये त्याचा हौशी दर्जा काढून घेण्यात आला, आणि मोबदला घेऊन मैदाने आखणाऱ्यांवरही त्या सुमारास तेच संकट ओढवले.

"फुकटात काम करणाऱ्याला जाब कोण विचारणार?" रावसाहेब म्हणाले. "अंदाजपत्रक नाही, मुदत नाही, तपासणी नाही. त्या नॅशनलवर हा गृहस्थ राजासारखा वावरला. एका सभासदाने सहज म्हटले म्हणे की येथे एखादी पवनचक्की शोभून दिसेल. याने पवनचक्की उभारली आणि बिल त्या सभासदाकडे पाठवून दिले! आणि ती पहिल्या होलची आख्यायिका?"

आख्यायिका म्हणूनच ती सांगतो. नॅशनलच्या पहिल्या होलचे ग्रीन टीवरून एका फटक्यात गाठणे अशक्य आहे, असे मॅक्डॉनल्डने ठासून सांगितले. त्याच्या एका तरुण आप्ताने तेथल्या तेथे ते गाठून दाखवले. आणि त्याच दिवशी मॅक्डॉनल्डने वकिलाला बोलावून त्या आप्ताचे नाव मृत्युपत्रातून काढून टाकले. गोष्ट खरी असो वा नसो, त्याला ओळखणाऱ्या लोकांना ती खरी वाटली, एवढे त्याच्या स्वभावाविषयी पुरेसे आहे.

वकीलसाहेब म्हणाले, "राजासारखा वावरला खरा, पण राजाने राज्य सोडले नाही हेही पाहा. 1911 ला उद्घाटन झाले आणि त्यानंतर तो जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे 1939 पर्यंत, त्या मैदानाची डागडुजी करीत राहिला. बंकर हलवले, ग्रीनची वळणे बदलली. तुमचा कंत्राटदार काम पुरे झाल्याचा दाखला घेतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात जातो. ज्याला दाखलाही नको आणि रक्कमही नको, तोच स्वतःच्या कामावर असमाधानी राहू शकतो."

"माझ्या खात्यातही कालव्याची डागडुजी दरवर्षी होते," रावसाहेब जरा दुखावून म्हणाले, आणि ते खरेच होते.

कॅलिफोर्नियाचे पेबल बीच दोघांनीही आपल्या बाजूस ओढून पाहिले. तेथील आखणी जॅक नेव्हिल या जमीनविक्रीच्या धंद्यातील गृहस्थाने डग्लस ग्रँटच्या साहाय्याने केली आणि 1919 मध्ये मैदान खुले झाले. नेव्हिलने कॅलिफोर्नियाचे हौशी अजिंक्यपद आयुष्यात एकूण पाच वेळा मिळवले, पण यापूर्वी मैदान म्हणून एकही आखले नव्हते. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा मार्ग काढून जास्तीत जास्त होल समुद्राच्या कड्यावर आणले, ही त्याची करामत. वकीलसाहेबांच्या मते ती खेळाडूची दृष्टी, रावसाहेबांच्या मते जमीन विकणाऱ्याची. पुढे 1928 मध्ये त्याची सुधारणा चँडलर ईगन याने केली, जो 1904 व 1905 चा राष्ट्रीय हौशी विजेता. आणि 1929 ची राष्ट्रीय हौशी स्पर्धा तेथे भरली तेव्हा हा ईगन, वयाच्या पंचेचाळिशीत, आपणच सुधारलेल्या मैदानावर उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. "हा व्हीटनचाच प्रकार," रावसाहेब पुटपुटले. त्याच स्पर्धेत त्या काळचा सर्वश्रेष्ठ हौशी खेळाडू बॉबी जोन्स पहिल्याच फेरीत हरला हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्या हरण्यामुळे जोन्सला जो रिकामा वेळ मिळाला त्यात त्याने मॅकेन्झीने आखलेले सायप्रेस पॉइंटचे मैदान पाहिले, हेही नव्हते. पुढे जोन्सने ऑगस्टा येथील आपल्या मैदानाच्या आखणीसाठी मॅकेन्झीलाच बोलावले. डॉक्टर जमीन पाहत असे आणि जोन्स होऊ घातलेल्या टीवरून प्रत्यक्ष चेंडू मारून दाखवत असे. हे ऐकून रावसाहेब म्हणाले, "मग अशी तजवीज सर्वत्र का करीत नाहीत?" वकीलसाहेब म्हणाले, "जोन्स सर्वत्र मिळत नाही म्हणून."

यानंतर रावसाहेबांनी आपले राखून ठेवलेले हुकमाचे पान टाकले. व्हीटनचे ते पक्षपाती मैदान आज कोठे आहे? 1920 नंतर शिकागो क्लबाने ते नव्याने बांधण्याचे ठरवले, आणि ते काम झाले ते रेनरच्या हातून. 1923 मध्ये ते पुरे झाले. अजिंक्यवीराने आखलेले मैदान मोजणीदाराने पुसून पुन्हा लिहिले. वकीलसाहेबांनी पान पाहिले, आणि एवढेच सांगितले की रेनरने त्या मैदानावर जे होल बसवले त्यांतील सातवा रेडान आहे.

त्या नव्या मैदानावर 1928 मध्ये वॉकर चषकाचा सामना झाला आणि जोन्सच्या नेतृत्वाखालील अमेरिकन हौशी संघाने ब्रिटनला 11 विरुद्ध 1 असे हरवले. रेनरला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मॅक्डॉनल्डचा 'स्कॉटलंड्स गिफ्ट : गोल्फ' हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ता स्वतःविषयी लिहिताना विनयशील नाही, पण त्या न खेळणाऱ्या मोजणीदाराने जुन्या खेळाडूंच्या मनातला भाव किती चटकन आत्मसात केला याबद्दल त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. ज्या वाचकांना रावसाहेब किंवा वकीलसाहेब यांपैकी कोणाचा पक्ष घ्यावयाचा असेल, त्यांनी तो घेण्यापूर्वी एवढा मजकूर अवश्य पाहावा.